सगळं दाखवतं, फक्त वेगळं बसवलेल्या माणसाचा खर्च दाखवत नाही: साथीतल्या टेस्टिंगच्या सिम्युलेटरचा रिव्ह्यू

५ पैकी साडेतीन स्टार. चार देणार होते, पण शेवटच्या आठवड्यात एक डिफॉल्ट सेटिंग सापडलं आणि अर्धा स्टार तिथेच गेला, ते काय ते पुढे येईलच.

आधी हे आहे काय ते सांगते. साथ आली की टेस्टिंग कसं करायचं, म्हणजे कुणाची टेस्ट करायची, किती दिवसांनी करायची, झटपट किट वापरायचं की लॅबला स्वॅब पाठवून दोन दिवस थांबायचं, पॉझिटिव्ह आला तर त्याला किती दिवस वेगळं ठेवायचं, आणि या सगळ्यात पैसे किती जातात आणि आजारपण किती वाचतं, याचा हिशोब मांडून देणारं हे ब्राउझरमध्ये चालणारं सिम्युलेटर आहे. डावीकडे स्लायडर, उजवीकडे दोन ग्राफ, एक आजाऱ्यांचा आणि एक खर्चाचा, आणि खाली एक हिरवी चौकट, ज्यात ते तुम्हाला 'सर्वोत्तम धोरण' सांगून मोकळं होतं. नाव घेत नाहीये, कारण खालच्या बऱ्याच तक्रारी या एकाच टूलच्या नाहीत, या जातीच्या टूल्सना सरसकट लागू पडतील अशा आहेत, आणि बनवणारे लोक अजून त्यात बदल करतायत.

मी काही साथरोगतज्ज्ञ नाही. एका निवासी संस्थेच्या ऑफिसात प्लॅनिंगचं काम बघते, हजारेक माणसं एकाच आवारात राहतात, जेवतात, काम करतात, आणि वरून फर्मान आलं की पुढच्या वेळी मागच्यासारखी धांदल नको, आत्ताच काहीतरी कागदावर तयार करून ठेवा. मागच्या वेळी आमचं टेस्टिंग म्हणजे ज्याला ताप आला त्याला पाठवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत तो बिचारा सगळ्यांत वावरतोय, असला प्रकार होता. तर महिनाभर रोज तास-दीड तास हे घेऊन बसले. आतलं इंजिन जुनंच आहे, केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेलं, लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले असे तीन कप्पे करून माणसं एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवायची, त्यावर टेस्टिंगचे आणि पैशाचे मजले चढवलेत. इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. मजल्यांबद्दल आहे.

पण आधी सगळ्यात भारी गोष्ट. 'रिझल्ट यायला किती दिवस' हा स्लायडर. मी सगळ्यांसारखीच आधी किटच्या अचूकतेच्या मागे लागले होते, ९५ टक्के पकडणारं घ्यायचं का ७० टक्के पकडणारं चालेल, ग्राफ हलत होता पण मला वाटलं होतं तेवढा नाही. मग सहज रिझल्टचा स्लायडर शून्यावरून दोन दिवसांवर ओढला आणि आजाऱ्यांची रेघ अशी उसळली की मला वाटलं टूल बिघडलं. रिफ्रेश केलं, परत तेच.

म्हणून वही काढली. समजा लागण झालेला माणूस ६ दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो आणि त्या सहाही दिवसांत तो टेस्टमध्ये सापडू शकतो. एक प्लॅन असा: ९५ टक्के पकडणारी लॅबची टेस्ट, आठवड्यातून एकदा, रिपोर्ट दोन दिवसांनी. आता टेस्टचा दिवस त्या सहा दिवसांत नेमका कुठे पडेल हे नशीब, अगदी सुरुवातीला पडला तर चार दिवस वाचले, पाचव्या दिवशी पडला तर रिपोर्ट येईपर्यंत तो सगळ्यांना देऊन मोकळा. सगळ्या शक्यतांची सरासरी काढली तर सहापैकी जेमतेम १.१ दिवस वाचतो. दुसरा प्लॅन: ७० टक्केच पकडणारं झटपट किट, दर दोन दिवसांनी, उत्तर तिथल्या तिथे. पहिल्यांदा हुकला तर दोन दिवसांनी परत सापडायचा चान्स आहे, तेव्हाही हुकला तर आणखी एकदा. इथे सरासरी ४.२ दिवस वाचतात. जवळजवळ चौपट! आणि गंमत म्हणजे ती पहिलीच लॅबची टेस्ट, आठवड्यालाच ठेवून, रिपोर्ट फक्त त्याच दिवशी दिला तर १.१ चे २.४ होतात. टेस्ट बदलली नाही, माणसं बदलली नाहीत, नुसती पाकिटं लवकर फोडली.

हे काही माझं संशोधन नव्हे हो. २०२० मध्ये यावर बरंच लिहिलं गेलंय. संशोधक लॅरेमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष हाच होता की वारंवारता आणि रिपोर्टचा वेग आधी, किटची संवेदनशीलता, म्हणजे लागण झालेल्या शंभरातले किती ते पकडतं, ती नंतर. पॅल्टिएल, झेंग आणि वॉलेन्स्की यांनी ५००० विद्यार्थ्यांचा काल्पनिक कॅम्पस धरून हिशोब केला, आणि त्यांचंही म्हणणं पडलं की ७० टक्केच पकडणारी का असेना पण झटपट टेस्ट दर दोन दिवसांनी करा, लक्षणं दिसायची वाट बघत बसलात तर कॅम्पस हातचा जाईल. (यातल्या वॉलेन्स्की २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या प्रमुख झाल्या.) पण वाचणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने स्लायडर ओढून ती रेघ उसळताना बघणं वेगळं. आमच्या वरिष्ठांना मी सहा महिने सांगून जे पटलं नसतं ते त्यांना तो स्लायडर दोनदा पुढेमागे करून पटलं. फक्त एवढ्यासाठी हे टूल वापरा असं मी म्हणेन.

आता यातली एक गोम. माझ्या वहीतल्या हिशोबात आणि टूलमध्येही प्रत्येक टेस्ट म्हणजे नव्याने नाणेफेक धरलीय, आज हुकला म्हणून परवा हुकण्याची शक्यता वाढत नाही असं. खऱ्यात तसं नसतं. ज्याच्या नाकात आज विषाणू कमी आहे किंवा ज्याचा स्वॅब नीट घेतलाच जात नाही तो परवाही हुकू शकतो. शिवाय संवेदनशीलता म्हणून सगळ्या दिवसांना मिळून एकच आकडा भरायचा. कोविडच्या पीसीआर टेस्टबद्दल (लॅबमध्ये होणारी, विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) २०२० मध्ये एक विश्लेषण आलं होतं, त्यात लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी टेस्ट हुकण्याची शक्यता १०० टक्के, लक्षणं सुरू होतात त्या पाचव्या दिवशी ३८ टक्के, आणि आठव्या दिवशी २० टक्के असे आकडे होते. म्हणजे लॅबची चांगली टेस्टसुद्धा दिवसागणिक वेगळी टेस्ट असते. टूलमध्ये हे भरायला जागाच नाही. मी यावर उपाय म्हणून किटच्या डब्यावर जो आकडा असतो त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमीच धरत होते, तुम्हीही तसंच करा, अंदाजपंचे आहे पण डब्यावरच्या आकड्यापेक्षा बरं.

यानंतर मी मोठ्या तोऱ्यात दर दोन दिवसांचा प्लॅन प्रिंट काढून आमच्या अकाउंट्सच्या सरांकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, ठीक आहे, पण ज्याला काहीच झालेलं नाही आणि तुमचं किट झालंय म्हणतं, त्याला आठवडाभर बसवलं की त्याचं काम कोण करणार आणि त्याचा पगार यातल्या कुठल्या कॉलमात आहे?"

म्हटलं, सर, असे थोडेच असतील.

"थोडे म्हणजे किती ते सांगा ना."

सांगता येईना. परत जाग्यावर आले आणि काढलं. १००० माणसं, दर दोन दिवसांनी म्हणजे रोज ५०० टेस्ट. निरोगी माणसाला ९८ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगणारं किट, ऐकायला किती छान वाटतं, पण उरलेले २ टक्के म्हणजे रोज १० धडधाकट माणसं पॉझिटिव्ह. प्रत्येकाला ७ दिवस वेगळं ठेवलं तर कुठल्याही दिवशी ६५ ते ७० माणसं काहीही झालेलं नसताना खोलीत बसलेली! आणि साथ अजून बाल्यावस्थेत असेल, समजा हजारात ५ जणांनाच लागण, तर पहिल्या फेरीत त्या पाचातले तीन-चार सापडणार आणि त्यांच्याबरोबर २० निरोगी पकडले जाणार, म्हणजे सात पॉझिटिव्हमागे खरा एकच. हेच किट, काहीही न बदलता, हजारात १०० जणांना लागण असताना वापरलं तर पाच पॉझिटिव्हमागे चार खरे निघतात. किट तेच, साथ वेगळी. लोक त्या किटवर विश्वास ठेवायचा की नाही यावर भांडत बसतात आणि उत्तर डब्यात नसतंच मुळी, बाहेर किती पसरलंय त्यात असतं.

टूलला हे माहीत आहे बरं का. 'पुष्टीची दुसरी टेस्ट' अशी एक टिक आहे, पण ती तिसऱ्या टॅबमध्ये, पान खाली सरकवल्यावर दिसते, आणि डिफॉल्ट बंद. ती चालू केली, दुसऱ्या टेस्टचा रिपोर्ट एका दिवसात असं भरलं, तर निरोगी असून अडकलेले ७० वरून १० वर येतात, आणि त्यासाठी रोज वाढतात फक्त दहा-पंधरा लॅब टेस्ट. खर्चाचा ग्राफ किट स्वस्त करून जेवढा खाली आला नव्हता तेवढा या एका टिकने आला. एवढी महत्त्वाची गोष्ट अडगळीत का ठेवलीय देव जाणे, पहिल्या पानावर ठळक अक्षरात हवी.

पूल टेस्टिंगचा टॅब मात्र सध्या वापरू नका. कल्पना सुंदर आहे, १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी मांडलेली, अमेरिकेच्या सैन्यभरतीत सिफिलिस शोधायला, की प्रत्येकाचं रक्त वेगळं तपासण्यापेक्षा काही जणांचं एकत्र करून तपासा, निगेटिव्ह आलं तर सगळे सुटले, पॉझिटिव्ह आलं तरच एकेकाचं बघा. शंभरात एकाला लागण असेल आणि १० जणांचा पूल केला तर १००० माणसांना साधारण १९६ टेस्ट पुरतात, डोळे दिपतात हा आकडा बघून. पण शंभरात दहांना लागण झाली की त्याच पूलला ७५१ टेस्ट लागतात, वीस जणांना झाली की ९९३, आणि पंचवीस टक्क्यांना तर १०४४, म्हणजे एकेकाची केली असती तरी कमी लागल्या असत्या. पूलचा आकार साथीबरोबर लहान करत न्यायचा असतो आणि एका टप्प्याला पूल करणंच सोडून द्यायचं असतं. हे टूल सुरुवातीला जो आकार भरला तोच लाट शिगेला पोचली तरी धरून बसतं आणि बचत झाली म्हणून सांगतं. वर पूल पॉझिटिव्ह आल्यावर एकेकाची टेस्ट करायला जो जादा वेळ जातो तो मोजतच नाही. ज्या टूलने मला वेळेची किंमत शिकवली त्यानेच हे विसरावं!

बरं आता हिरव्या चौकटीकडे येऊ, एक अख्खा स्टार हिच्यामुळे गेलाय. सर्वोत्तम धोरण एकच सांगायचं म्हणजे आजारपण आणि पैसा एकाच मापात आणायला हवेत, आणि ते करायला आयुष्याच्या एका निरोगी वर्षाची किंमत किती हे कुठेतरी लिहावं लागतं. लिहिलंय. 'प्रगत' नावाच्या टॅबमध्ये एक आकडा भरून ठेवलाय, कुठून आला, का तेवढाच, एक ओळही नाही. मी तो अर्धा केला, चौकट म्हणाली आठवड्यातून एकदा टेस्ट करा. दुप्पट केला, म्हणाली रोज करा. बाकी सगळं तसंच! म्हणजे महिनाभर मी ज्याला साथीचं गणित समजत होते तो शेवटी कुणीतरी भरून ठेवलेल्या एका आकड्याचा खेळ होता.

किंमत लावणं हे पाप आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था बरीच वर्षं नवीन औषधांसाठी निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे २० ते ३० हजार पाउंड अशी पट्टी लावत आली, पण उघडपणे लावते, लोक त्यावर भांडू शकतात. इथे ती चौकटीमागे लपवलीय आणि चौकटीला हिरवा रंग दिलाय. बनवणाऱ्यांनी फक्त एवढं करावं, चौकटीत एकाऐवजी तीन उत्तरं दाखवावीत, हा आकडा कमी धरला तर हे, मधला धरला तर हे, जास्त धरला तर हे. निर्णय घेणाऱ्याला घेऊ दे की.

याच टॅबमध्ये एक गोष्ट मात्र खरंच विचार करून केलीय, 'कुणाच्या नजरेतून' असा एक ड्रॉपडाउन आहे, संस्था किंवा समाज. संस्था निवडलं की टेस्टिंग महाग दिसतं, समाज निवडलं की स्वस्त. कारण आमच्या आवारात पकडलेला एक माणूस बाहेर ज्यांना लागण देणार होता त्यांचं आजारपण वाचतं, पण त्याचा पैसा आमच्या वहीत जमा होत नाही, खर्च मात्र आमच्याच वहीतून जातो. कटलर आणि समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये अमेरिकेचं कोविडमुळे होणारं एकूण नुकसान १६ ट्रिलियन डॉलर धरलं होतं आणि टेस्टिंग आणि संपर्क शोधण्यावर घातलेला पैसा जवळपास ३० पट परत येतो असं म्हटलं होतं. ते तीस पट सगळ्या देशाच्या वहीत येतात. एखाद्या संस्थेने किंवा दुकानदाराने आपली वही उघडली तर त्याला तोटाच दिसणार, म्हणून हे काम सरकारी पैशाशिवाय उभं राहत नाही. मला हे पूर्वी नीट कळलेलं नव्हतं, त्या ड्रॉपडाउनने कळलं.

आणि उलटं टोकही असतं. वुहानमध्ये मे २०२० मध्ये लाट ओसरल्यावर जवळपास ९९ लाख लोकांची टेस्ट केली, लक्षणं नसलेले ३०० पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे एक सापडायला ३३ हजार टेस्ट. टूलमध्ये असलं काही भरलं तर 'एका रुग्णामागे खर्च' हा आकडा छप्पर फाडून जातो आणि चौकट लगेच लाल. पण तिथे रुग्ण सापडणं एवढाच हेतू नसतो, कुणी उरलं नाही ही खात्रीसुद्धा हवी असते, शहर उघडायला, लोकांना कामावर परत बोलवायला. त्या खात्रीची किंमत किती हे मलाही सांगता येणार नाही, पण शून्य नक्कीच नाही, आणि टूलमध्ये ती शून्य आहे.

आता ते डिफॉल्ट. शेवटच्या आठवड्यात सहज सगळ्या सेटिंगची शीट डाउनलोड केली (हे फीचर उत्तम आहे, सगळं एका शीटमध्ये व्यवस्थित उतरतं) आणि ओळीने वाचत गेले, तर एका ओळीत 'आयसोलेशन पाळणाऱ्यांचं प्रमाण', पुढे १००. स्क्रीनवर याचा स्लायडरच नाही! म्हणजे पॉझिटिव्ह म्हटलं की माणूस मुकाट उठून वेगळा बसतो, आणि टेस्टला बोलावलं की सगळेच्या सगळे येतात, असं हे टूल महिनाभर धरून चाललं होतं आणि मीही.

वही परत काढली. ते दर दोन दिवसांचं किट, ४.२ दिवस वाचवणारं, त्यात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्यांनीच ऐकलं तर ४.२ चे २.१ होतात. आणि आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी रिपोर्ट देणारी लॅबची टेस्ट, जिचं सगळे ऐकतात, ती २.४ वर आहे. म्हणजे ज्या प्लॅनला मी चौपट भारी म्हणून मिरवत होते तो लोकांनी ऐकलं नाही तर साडेतीन पट कमी टेस्ट करणाऱ्या प्लॅनच्याही खाली जातो. आणि लोक ऐकत का नाहीत? हट्टी असतात म्हणून नाही, रोजचा पगार बुडतो म्हणून. पॉझिटिव्ह आलो तर आठवड्याची कमाई जाणार हे माहीत असेल तर शहाणा माणूस टेस्टलाच जाणार नाही, आणि त्याला दोष तरी कुठल्या तोंडाने द्यायचा.

स्लोव्हाकियाचं उदाहरण मी टूलमध्ये भरायचा खूप प्रयत्न केला. तिथे ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० ला देशभर झटपट टेस्ट केल्या, ३६ लाखांहून जास्त लोक आले, साधारण १ टक्का पॉझिटिव्ह निघाले, आणि ज्या जिल्ह्यांत पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी झाली तिथे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. टूलवाले लोक हे टेस्टिंगचं यश म्हणून दाखवतात. पण त्याच वेळी इतर निर्बंध चालू होते, आणि जो टेस्टला आला नाही त्याला घरी बसावं लागणार होतं, म्हणून तर एवढे लोक आले. किती लोक येतील हा आकडा वरून भरायचा नसतोच, न येण्याची आणि येण्याची किंमत काय ठेवलीय त्यातून तो निघतो. हे टूल तो वरून भरतं, तोही १००.

ब्रिटनने टेस्ट अँड ट्रेस या टेस्टिंग आणि संपर्क शोधण्याच्या योजनेला दोन वर्षांसाठी ३७ अब्ज पाउंड ठेवले, आणि मार्च २०२१ मध्ये तिथल्या संसदेच्या लोकलेखा समितीने म्हटलं की यामुळे साथीच्या वाटचालीत एकूण फरक पडल्याचा स्पष्ट पुरावा दिसत नाही. घरी बसणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांना ५०० पाउंड द्यायला सुरुवात झाली ती सप्टेंबर २०२० च्या अखेरीला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध आहे ते मी सांगू शकत नाही, पण टूलमध्ये पहिल्या आकड्याला कॉलम आहे आणि दुसऱ्याला नाही, हे मात्र सांगू शकते.

बाकी किरकोळ. मोबाईलवर उघडू नका, स्लायडर बोटाखाली येतच नाहीत. ग्राफवर एकच ठाम रेघ येते, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा येत नाही, आणि सुरुवातीला दहाच लागण झालेले असतील तेव्हा नशिबाचा भाग खूप मोठा असतो, कधी साथ आपोआप विझते कधी भडकते, त्यासाठी 'यादृच्छिक' नावाचं एक बटण आहे ते दाबून तेच सेटिंग पन्नास-शंभर वेळा चालवा आणि मगच काय ते बोला. सगळी माणसं सगळ्यांना सारखीच भेटतात असं धरलंय, एका खोलीत झोपणारे आणि जेवायला समोर बसणारे यांत फरक नाही, आमच्यासारख्या निवासी जागेला हे फार चुकीचं आहे पण त्याला दुसऱ्या प्रकारचं मॉडेल लागतं, त्यामुळे त्याचे मार्क कापत नाही. मदतीची पानं जड आहेत, तीनदा वाचावी लागतात.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं. डाउनलोड केलेल्या शीटमध्ये मी स्वतःचा एक कॉलम घातला, वेगळं बसणाऱ्याचा पूर्ण पगार, जेवण, आणि त्याच्या जागी काम करणाऱ्याचे पैसे. तो घातल्यावर दर दोन दिवसांऐवजी दर तीन दिवसांचा प्लॅन जास्त बरा दिसायला लागला, वाचणारे दिवस ४.२ वरून ३.५ होतात पण रोजच्या टेस्ट ५०० वरून ३३३ वर येतात आणि खोटे पॉझिटिव्ह १० वरून सातच्या आत, वर दुसऱ्या दिवशी पुष्टीचा रिपोर्ट, आणि बसलेल्याचा एक दिवसाचाही पगार कापायचा नाही. अकाउंट्सच्या सरांनी सही केली. कॉलमचं नाव मी 'नुकसान भरपाई' ठेवलं होतं, ते त्यांनी पेनने खोडून 'टेस्टिंगचा खर्च' केलं.

एक सूचना, असा कॉलम घातलेली शीट परत टूलमध्ये अपलोड केली तर टूल तो कॉलम न विचारता उडवून टाकतं. वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा.